बोल्ट आणि वडिलांचा उजवा हात

६ ऑगस्ट १९५५ रोजी देहूरोडच्या बंदूक-कारागिराला मी चाळीस रुपये दिले. दुकानात आम्ही दोघेच होतो. रायफल ज्यांची, ते वडील तळवड्याच्या शेतावर होते. रानडुकरांपासून भुईमूग राखणे एवढेच काम त्यांना उरले होते.

आपोआप गोळी भरणाऱ्या त्या रायफलीचा परवाना पुढे चालणार नव्हता. ती विकून दुनळी बंदूक घेणे महाग पडत होते, म्हणून प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, ओढावा लागेल, अशी ती मी करून घेतली. वडिलांची बोटे आखडलेली मी रोज जेवताना पाहत होतो, तरी त्यांना विचारले नाही.

त्यांना बोल्ट ओढवेना. हसून म्हणाले, “रायफल बदलून आणलीस, आता हात बी बदलून आण की.”

मग राखणदार ठेवला. त्याच्या पहिल्या पगाराचे पंधरा रुपये मला देऊ न देता वडिलांनी आपल्या पेन्शनीतून दिले.