नकोबाची जागा

त्याला गावात नकोबा म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलेलं होतं. प्रार्थनाघराची वर्गणी? नको. पालिकेच्या नव्या टाकीला धर्मगुरूंचा आशीर्वाद? नको, आणि वर पालिकेला एक अर्ज. देव न मानणाऱ्या माणसाला लोकांनी अगदी देवाला शोभेल असं नाव दिलं, याचं सगळ्यात जास्त हसू त्यालाच यायचं. "अहो, एवढी भक्ती कुणाच्या वाट्याला येते?" म्हणायचा.

धंदा सलूनचा. नास्तिकाला याहून सोयीचा धंदा शोधून सापडायचा नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड, गालाला फेस, कानाखाली वस्तरा. अशा वेळी "सरकारने धर्माच्या भानगडीत पडावं का, तुम्हीच सांगा," असं विचारलं तर कोण वाद घालणार? "हूं" एवढाच आवाज यायचा. नकोबा त्याला होकार समजायचा. वर्षानुवर्षं अशी बिनविरोध भाषणं केल्यामुळे आपण फर्डे वक्ते आहोत असा त्याचा गोड गैरसमज झाला होता. पालिकेच्या सभेत तो गैरसमज दूर झाला. तिथे कुणाच्याच तोंडाला फेस नव्हता.

सभेपर्यंत गाडी गेली ती गणिताच्या मास्तरांमुळे. मास्तर त्याचे जुने गिऱ्हाईक आणि गावातले दुसरे नास्तिक. पहिला कोण, यावर दोघांचं कायम भांडण. मास्तर सारखे बजावायचे, "मेल्यावर माझ्या डोक्याशी बसून कुणी काही पुटपुटलं तर मी उठून बसेन." पण गावात दफनभूमी दोनच, एक टेकडीच्या प्रार्थनाघराची आणि एक नदीकाठच्या. दोन्हीकडे नियम एकच, आमचे विधी केल्याशिवाय फाटक उघडणार नाही. मास्तर गेले तेव्हा पुतण्यांनी निमूटपणे मान तुकवली. ज्यांना आयुष्यभर टाळलं त्यांचंच मास्तर दुपार उलटेपर्यंत ऐकत पडले, आणि शब्द दिल्याप्रमाणे उठून काही बसले नाहीत. नकोबा घरी आला तो धुमसत. "म्हणजे माझंही असंच होणार!" तो बायकोला म्हणाला.

"तुम्हाला तेव्हा कुठे ऐकू येणार आहे?" बायको म्हणाली. ती टेकडीवाल्यांची, नेमाने प्रार्थनेला जाणारी. तिला तिथे सोडायला आणि आणायला नकोबाच स्कूटर काढायचा, आणि बाहेर उभा राहून देव नसल्याची कारणं मनात घोळवायचा.

सभेत त्याने मागणी मांडली. ज्यांना धर्म नाही त्यांच्यासाठी पालिकेने दफनाला जागा द्यावी. नगराध्यक्षांनी विचारलं, "अशी किती माणसं आहेत गावात?"

"सध्या एक."

"आणि त्याची तब्येत?"

"ठणठणीत आहे."

सभागृह खो खो हसलं. नकोबाचे कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही. "दोन्ही दफनभूमींची भिंत पालिकेची, नळ पालिकेचा, रखवालदाराचा पगार पालिकेचा," तो म्हणाला. "त्यात माझा कर आहे. कर घेताना कुणी विचारलं नाही, तू कुणाला मानतोस. मग पुरताना का विचारता?" घरून पाठ करून आणलेलं भाषण तो साफ विसरला होता, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

पुढे बरीच वर्षं अर्जावर अर्ज चालले. नगराध्यक्ष केस काळे करायला त्याच्याकडेच यायचे, तेही मागच्या दाराने. हे गुपित बाहेर फोडण्याची धमकी नकोबाने कधी दिली नाही, पण रंगाचा ब्रश हातात असताना तो अर्जाची आठवण मात्र काढायचा. शेवटी जागा मिळाली. बस डेपोमागचा दगडधोंड्यांचा एक तुकडा, आणि वर अट अशी की वर्षभरात तिचा वापर झाला नाही तर तिथे वाहनतळ होणार.

झालं! लढून मिळवलेली जागा टिकवायची तर कुणीतरी मरायला हवं, आणि गावातला एकमेव उमेदवार सकाळी टेकडी चढून यायचा, दोन वाट्या जास्त जेवायचा आणि त्याला साधी सर्दीही होत नव्हती. गिऱ्हाइकं विचारायची, "काय नकोबा, कधी?" नकोबा म्हणायचा, "प्रयत्न चालू आहेत." त्याने बायकोलाही विचारून पाहिलं, शेजारची जागा तुझ्यासाठी ठेवू का म्हणून. "मुळीच नको," ती म्हणाली. "जन्मभर तुमची भाषणं ऐकली. मेल्यावर तरी मला शांतता मिळू द्या." हा किस्सा तो सलूनमध्ये रंगवून सांगायचा. मनात कुठेतरी ते लागलं होतं, ते मात्र सांगायचा नाही.

जागेला कुंपण त्याने स्वतः घातलं. दिवा बसवला तो वायरमनने, फुकट. हा पोरगा नदीकडचा, त्याची बायको टेकडीकडची. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. तेव्हापासून ती दोघं नकोबाला मामा म्हणायची आणि मामी त्या पोरीला घरच्या लेकीसारखं धरायची. आता तिला दिवस गेले होते आणि मामी लोकर घेऊन बसली होती.

फाटकाजवळ नकोबाने एक पाटीही लावली. लाकडी, जाडजूड, अक्षरं स्वतः रंगवलेली. "ही जागा धर्म न मानणाऱ्यांसाठी आहे. येथे प्रार्थना करू नये." बायकोने पाटी वाचली आणि म्हणाली, "शोभतंय. त्या दोन फाटकांत हे तिसरं." नकोबाला ते कळलं नाही. तो अक्षरांच्या वळणाकडे बघत होता.

वर्ष संपत आलं तसा त्याचा विनोदही ठरून गेला. खुर्चीत कुणी बसलं की कापड झटकून गळ्याभोवती बांधायचं आणि विचारायचं, "काय मग, जागा बघून ठेवू का?" लोक हसायचे. चांगला चालणारा विनोद माणूस मोडेपर्यंत वापरतो.

एका दुपारी वायरमन आला आणि खुर्चीत बसला. दाढी वाढलेली, डोळे खाली. नकोबाने सवयीने कापड बांधलं, आरशातही पाहिलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "काय मग, जागा बघून ठेवू का?"

"हो मामा," वायरमन म्हणाला. "बघा ना."

नकोबाने तेव्हा आरशात पाहिलं.

मूल पोटातच गेलं होतं. मुलगी. टेकडीवरचा रखवालदार म्हणाला, बाप आमचा नाही. नदीवरचा म्हणाला, आई आमची नाही. आधी मूल कुणाचं ते ठरवा, मग या. पोरगा दोन्ही फाटकांवरून परत आला होता आणि बाकी कुठे जायचं ते न सुचल्यामुळे सलूनमध्ये येऊन बसला होता. "तिला अजून कशातलं काही कळतही नव्हतं, मामा," तो म्हणाला. "ती कुणाची आहे हे मी काय सांगू?"

नकोबाने जिभेला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून शिव्या घातल्या. त्याने कापड सोडलं, दुकानाचं शटर ओढलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात गेली, पोरीजवळ बसली आणि विणलेलं सगळं घेऊन मग डेपोमागे आली. खड्डा नकोबाने खणला. दगडाळ जमीन, हाताला फोड आले. वस्तरा धरणारे हात ते, पण त्याने कुणाला कुदळ दिली नाही.

वायरमन गाठोडं छातीशी धरून फाटकाशी आला आणि थांबला. तो पाटी वाचत होता. दिवा बसवायला आला तेव्हा ती नव्हती. "मामा," त्याने हळूच विचारलं, "मला दोन शब्द म्हणायचे होते. लहानपणी शिकवलेले. इथे चालत नाही का?"

नकोबाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. दोन फाटकांवर ज्या प्रश्नाने पोराला परत पाठवलं, तोच प्रश्न आपण तिसऱ्या फाटकावर रंगवून ठेवलाय, तोही सुबक अक्षरात. त्याने अंगातला कोट काढला आणि पाटीवर टाकला.

"जागा माझी नाही रे," तो म्हणाला. "पालिकेची आहे. पालिकेचं काही म्हणणं नाही. तुला म्हणायचं ते म्हण. नसेल म्हणायचं तर नको म्हणूस."

पोराने नदीकडचे दोन शब्द म्हटले. टेकडीकडचे त्याला येत नव्हते, ते मामीने म्हटले, त्या पोरीच्या वतीने. नकोबा काहीच म्हणाला नाही. त्याला म्हणायचं काही नव्हतं आणि कुणी त्याला म्हणायलाही लावलं नाही. तो नुसता उभा राहून रडला. एवढंच तर तो इतकी वर्षं मागत होता.

पुढच्या आठवड्यात नगराध्यक्ष मागच्या दाराने आले. "अभिनंदन! वापर झाला. जागा आता तुमचीच," ते म्हणाले. नकोबा ब्रश धूत राहिला. त्याच्या मनात या दिवसासाठी एक भाषण कधीचं तयार होतं. ते त्याने ब्रशच्या काळ्या पाण्याबरोबर मोरीत सोडून दिलं.

पाटी त्याने काढून आणली. लहान मुलांचे केस कापताना खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकतात, मूल उंच बसावं म्हणून. त्याची जुनी फळी चिरली होती. पाटी मापाला बरोबर बसली, अक्षरं खाली करून. तेव्हापासून गावातली टेकडीकडची आणि नदीकडची सगळी पोरं नकोबाच्या तत्त्वज्ञानावर बसून हुंदके देतात आणि केस कापून घेतात. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. कधी कधी फळी उलटी करून दाखवतोही.

जागा बघून ठेवण्याचा विनोद मात्र त्याने पुन्हा केला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो आणि बायको तिथे एक झाड लावायला गेले. बायकोने मुळाशी माती दाबली, हात झटकले आणि त्या छोट्या उंचवट्याकडे बघत म्हणाली, "अहो, माझी जागा इथे धरा."

नकोबा चपापला. "इथे? अगं, टेकडीवर तुझे आईवडील आहेत. आणि तुला तर शांतता हवी होती."

"तुमच्यासाठी नाही म्हणत," ती म्हणाली. "पोर एकटी आहे इथे."