रुळाच्या कडेकडेनं

चार परगावची माणसं एका खोलीत राहिली, की भांडी कमी आणि किस्से जास्त साठतात. आमच्या भायखळ्याच्या खोलीत भांडी मोजून सहा होती. किस्से मात्र आजही संपता संपत नाहीत.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा निजामाच्या वेळचे उर्दू कागद मराठीत आणायला माणसं हवी होती. म्हणून आम्हा चौघांना मुंबईला बोलावलं. कळंबचे तात्या वयानं सगळ्यांत मोठे. उमरग्याचे खाजाभाई, त्यांच्याच शेजारच्या खेड्यातला सिद्रामप्पा, आणि येडशीचा मी.

पहिल्याच रविवारी तात्या पान आणायला गेले आणि दुपारी परतले. म्हणाले, “पान खाऊन थुकलो पण! खोली काय घावंना!”

तेव्हा मी सुचवलं, “तात्या, आमच्या येडशीला छोटी गाडी आहे. लहानपणी रानात वाट चुकली की आम्ही रूळ धरून चालायचो. कुठल्यातरी स्टेशनात पोचतोच माणूस.”

झालं! दर रविवारी एक लाईन धरायची आणि कडेकडेनं चालत मुंबई बघायची, असं ठरलं. लोकलमध्ये बसायचं नाही. “बसल्यावर काय दिसतंय? म्होरच्याची पाठ!” हे तात्यांचं मत.

* * *

सिद्रामप्पाच्या गावाला रूळच नव्हता. गाडी म्हणजे धूर आणि शिट्टी, एवढंच त्याला ठाऊक. विजेच्या लोकलकडं त्यानं तोवर नीट बघितलंच नव्हतं. पहिल्या फेरीला फाटकापाशी उभे होतो, तेवढ्यात समोरून एक सुर्रकन गेली.

सिद्रामप्पा ओरडला, “अरे, इंजिन माघंच ऱ्हायलं की!”

फाटकवाला बिडी ओढत होता. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. “येईल पुढच्या गाडीनं!”

सिद्रामप्पा पुढची गाडी येईपर्यंत तिथून हलला नाही.

* * *

परळजवळ गल्ली संपली, म्हणून तात्या सरळ रुळात उतरले. रेल्वेच्या शिपायानं धरलं.

“कुठं निघालात आजोबा?”

“दादरला.”

“तिकीट?”

“चालत जायला तिकीट कशाचं?”

“मग रुळात काय करताय?”

तात्या अगदी खरं ते बोलले. “रूळ सोडला की आमी चुकतो, सायेब.”

शिपायानं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. “त्या भिंतीच्या पलीकडून चुका!”

* * *

गिरणगावातल्या एका चाळीपाशी तात्या एकदम थांबले. आतून थाप-थाप आवाज येत होता. ते दाराशी जाऊन नुसते उभे राहिले.

आतून एका बाईनं विचारलं, “कोण पायजे?”

“कुणी न्हाय, माय. ज्वारीच्या भाकरीचा वास घ्यायलोय.”

बोलणं ऐकताच बाई पिठाच्या हातानं बाहेर आली. “कुठलं म्हनायचं तुमी?”

“कळंबचं.”

“अगं बया! म्या तेरखेड्याची!”

नवरा गिरणीत होता, रविवारीही जादा पाळीवर गेलेला. बाईनं चौघांनाही बसवून भाकरी वाढली, वर शेंगदाण्याची चटणी. आम्ही दोन महिने खानावळीची चपाती खात होतो. तात्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. तांब्याभर पाणी पिऊन तात्यांनी विचारलं,

“माय, ही चटणीच हाय नव्हं? का तिथला माल?”

* * *

माहीमच्या खाडीवर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. रूळ पुलावरून जात होता आणि माणसाला रस्ता दूर वळसा घालून. तात्या हट्टाला पेटले. “ह्या फळ्या-फळ्यांवरनं जाऊ की!” आम्ही नको नको म्हणेपर्यंत ते पुलावर चढलेही.

थोडं पुढं गेले असतील. मागून गाडीचा आवाज आला. तात्यांनी खाली पाणी बघितलं आणि त्यांचे पायच गोठले. पुढं जाईनात, मागं येईनात. खाजाभाई धावत गेले, त्यांना मागून कवेत धरलं आणि ओढत आणून उतारावर दोघंही पडले. गाडी डोक्यावरून गेल्यासारखी गेली.

बराच वेळ तात्या गवतात बसून होते. खाजाभाईंचा हात काही त्यांनी सोडला नाही. चहाच्या दुकानात आल्यावर पहिलं वाक्य बोलले.

“रूळ सरकारचा हाय. जीव आपलाच हाय.”

* * *

आता खाजाभाईंचा किस्सा.

त्यांचे थोरले भाई, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत घर सोडून गेले, ते गेलेच. ना पत्र, ना सांगावा. घरचा धंदा पिंजाऱ्याचा, कापूस पिंजून गाद्या भरायचा. उमरग्याच्या एका ट्रक ड्रायव्हरनं भाईंना मुंबईत पाहिलं होतं. कुर्ल्याच्या बाजूला, रुळाच्या कडेला दुकान. एवढाच पत्ता.

त्या रविवारी सकाळी खाजाभाई चपला घालून तयार. म्हणाले, “आज कुर्ल्याची लाईन धरू. अम्मीनं सांगितलंय, ‘मिला तो पकड के ला.’”

भायखळ्याहून निघालो. रुळाकडेचं गादीवाल्याचं एकेक दुकान विचारत, कधी ह्या बाजूनं, कधी पूल चढून त्या बाजूनं. ऊन चढलं. सिद्रामप्पाच्या चपलेचा अंगठा तुटला, त्यानं सुतळी बांधली. तात्या लंगडायला लागले, पण परत जाऊ म्हणाले नाहीत. कुर्ला आलं. दोन दुकानं झाली, दोन्ही भलत्याचीच.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी खाजाभाई थबकले. पिंजायच्या धनुष्याचा आवाज येत होता, टंग्-टंग्, टंग्-टंग्.

“हात आमच्या घरचा हाय,” एवढंच पुटपुटले.

दुकानात एक माणूस कापसानं पांढरा झालेला. दाढी, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. खाजाभाई समोर जाऊन उभे राहिले. त्या माणसानं मान वर केली. धनुष्य हळूच खाली ठेवलं. गालावरचा कापूस भिजून चिकटायला लागला.

मग भाईंची नजर खाजाभाईंच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं गेली.

“किधरसे आया?”

“भायखळेसे.”

“पैदल?”

खाजाभाईंनी मान हलवली.

“कायकू रे? टेसन तो सामनेच है!”