काशीनाथ मास्तरांचं उसनं पाप

वालूरला पत्र्याच्या शेडमध्ये आमचं प्रार्थनागृह आहे. रविवारी तिथं तीन गाणी झाली की साक्षीची वेळ येते. प्रभूनं ज्याला पापातून काढलं त्यानं उठायचं आणि कुठल्या पापातून काढलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, अशी रीत. मी ढोलकी वाजवतो, म्हणून पुढं बसतो आणि मला सगळ्यांची तोंडं दिसतात. प्रवचनाला जांभया देणारी मंडळी साक्षीला मात्र मांडी सावरून बसतात. सटवाजी हा आमचा हुकमी साक्ष देणारा. सात वर्षांपूर्वी तो रोज एक क्वार्टर प्यायचा. दारू सुटल्यापासून मात्र साक्षीतली दारू दरवर्षी वाढतच गेली. आता तो त्यात बैलजोडी पितो, वर सासऱ्याचं शेतही पितो. थापांची सवय सोडवायचं काम प्रभूनं बहुधा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलं असावं.

काशीनाथ मास्तरांची अडचण वेगळीच होती. त्यांच्याकडं पापच नव्हतं. तंबाखू नाही, सुपारी नाही, पस्तीस वर्षं शाळेत घंटेच्या आधी हजर. आज्यापासून घर ख्रिस्ती. पाळकसाहेब दर रविवारी सांगायचे, "पापी नाही असा माणूस नाही, आणि माफी फुकट आहे. ती कमवायची नसते, घ्यायची असते." मास्तर मान डोलवायचे, पण डोळे सटवाजीकडं असायचे.

तशी एक गोष्ट होती, पण मास्तरांच्या लेखी ती पापात मोडत नव्हती. नऊ वर्षं ते बायकोशी बोलत नव्हते. त्यांची एकुलती एक लेक शुभदा, तिनं परभणीच्या सिद्धोधनशी लग्न केलं. जावई बौद्ध, बँकेत नोकरीला, स्वभावानं गरीब. दोन्ही घरं मुळात एकाच वस्तीतली, आजे एकाच आडावर पाणी भरायचे, तरी मास्तर म्हणाले, मंडळीबाहेरचं, ख्रिस्ती नसलेल्या घरातलं लग्न चालणार नाही. कावेरीबाई गुपचूप बस धरून लग्नाला गेल्या आणि लेकीवर फुलं टाकून परत आल्या. त्या दिवसापासून मास्तरांनी तोंड मिटलं ते मिटलं. काही हवं असलं की दाराच्या चौकटीला सांगत, "चहात साखर कमी आहे." मग कावेरीबाई साखर टाकत. पुढं नात झाली, पेढे आले, मास्तरांनी हात लावला नाही. याला ते तत्त्व म्हणत. मला त्यांचा फार राग यायचा.

यंदा मंडळीच्या वर्धापनदिनाला साक्ष द्यायचा मान पाळकसाहेबांनी मास्तरांना दिला. मास्तरांची झोप उडाली. बुधवारी ते माझ्याकडं आले.

"मला एखादं पाप सुचव," ते म्हणाले.

"मास्तर, जरा घरात बघा की."

"बघितलं. घरात काही न्हाई."

मग ते सटवाजीकडं गेले. सटवाजी दिलदार माणूस. त्यानं आपल्या जुन्या पापांतलं एक काढून दिलं, आणि कुठं थांबायचं, कुठं हुंदका द्यायचा तेही शिकवलं.

रविवारी पत्र्याखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून उठले.

"मी लपून दारू प्यायचो," त्यांनी सुरू केलं. "शाळा सुटली की प्यायचो. घरी येऊन भांडी फेकायचो."

सटवाजी मागून ओठ हलवत पुढचं वाक्य पुरवत होता. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावायची तयारीही केली होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कावेरीबाई उठल्या.

"हे कधी प्याले न्हाईत," त्या म्हणाल्या. "प्याले असते तर नशेत तरी माझ्याशी बोलले असते."

सगळं शेड हसलं. मीही हसलो, ढोलकीवर डोकं टेकवून. मग मास्तरांच्या तोंडाकडं नजर गेली आणि माझं हसू बंद झालं. इतकी वर्षं राग केला, पण त्या घडीला मला त्यांची कीव आली.

मास्तर पाळकसाहेबांकडं वळले. "हिला सांगा..."

"मी न्हाई सांगणार," पाळकसाहेब म्हणाले. "त्या समोरच हायत."

मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं. तिथं सांगायला चौकटही नव्हती.

"कावेरी, माझं चुकलं," ते शेवटी म्हणाले. "काय शिक्षा द्यायची ती दे. उपास सांग. गावभर हात जोडत फिरायला सांग."

नऊ वर्षांनी तोंड उघडलं, तेही शिक्षा मागायला. फुकट काही घ्यायची मास्तरांना सवयच नव्हती.

"शिक्षा कशाची?" कावेरीबाई म्हणाल्या. "मी तवाच माफ केलं. लग्नाहून आले त्याच सांजेला. पोरीनं बी केलंय. दर नाताळाला फोनवर इचारती, बाबा बोलायलेत का म्हणून."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

मास्तर खाली बसले. माफी नऊ वर्षं घरात होती आणि हा माणूस पाप शोधत गावभर फिरला. आता कुणी हसत नव्हतं. सटवाजीसुद्धा खाली मान घालून बसला होता.

"नात केवढी झाली?" मास्तरांनी विचारलं.

"दुसरीला हाय. तुमचा फोटो दावलाय तिला. तिला वाटतंय, तुमी वारलात."

मास्तरांनी खिशातून फोन काढला. तो त्यांनी कावेरीबाईंपुढं धरला.

"लाव," ते म्हणाले. "सांग तिला, जित्ता हाय म्हणून."

कावेरीबाईंनी लेकीचा नंबर लावला आणि फोन परत त्यांच्या हातात दिला.

"तुमीच सांगा," त्या म्हणाल्या.