आधी काय करत होतात?

माझ्या साडूंनी आजवर एकाही माणसाला ‘कसे आहात?’ असं विचारलेलं नाही. माणूस कसा आहे, यात त्यांना रसच नाही. तो आधी काय होता, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. समोरचा हात पुढं करतो, नाव सांगतो, हवामानाबद्दल काहीतरी बोलणार तेवढ्यात साडूभाऊ मान किंचित तिरकी करून विचारतात, “आधी काय करत होतात?” कॅनडात हा प्रश्न विचारणं म्हणजे दुखऱ्या दाढेवर बोट ठेवण्यासारखं आहे. इथं प्रत्येक जण आधी दुसराच कुणीतरी होता. एका जानेवारीत त्यांचं व्हिटबीचं घर तापवणारा फर्नेस बंद पडला. बाहेर उणे बावीस. दुरुस्तीला आलेला माणूस बेसमेंटच्या पायऱ्या उतरतच होता, तोच साडूभाऊंनी त्याला प्रश्न टाकला. तो मूळचा दमास्कसचा, शर्यतीच्या घोड्यांचा डॉक्टर निघाला. झालं! तो पायरीवरच बसला, फोनमधले घोड्यांचे फोटो उघडले, आणि पुढचा सव्वा तास एका पांढऱ्या घोडीच्या गुडघ्याची कथा चालली. माझी मेव्हणी अंगावर दोन कोट चढवून चहा करत होती. फर्नेस शेवटी चालू झाला, पण जाताना त्या माणसानं साडूभाऊंना मिठी मारली. माझ्याकडं हाच माणूस पुढच्या आठवड्यात आला, तेव्हा काम करून अकरा मिनिटांत निघून गेला. मी त्याला काही विचारलं नव्हतं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही वसईचे, दोघंही वकील, आणि वसईच्या कोर्टात एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून पक्षकारांची वाट बघितलेले. दोन वर्षांच्या अंतरानं दोघंही कॅनडात आलो. इथं वकिली करायची तर नव्यानं परीक्षा द्याव्या लागतात. त्यांनी सगळ्या दिल्या. मी दोन पेपर दिले, मग आमचा मुलगा झाला, मग वॉनमधल्या एका वेअरहाउसमध्ये ‘तात्पुरती’ नोकरी धरली आणि आज तिथंच शिपिंग सुपरवायझर आहे. ते सरकारी वकील झाले. पुढं हेगला, युद्धातल्या गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात, फिर्यादी पक्षाच्या वकिलांत त्यांची निवड झाली. सहा वर्षं तिथं काढून ते परतले आणि निवृत्त झाले. हे सगळं मी एका दमात सांगितलं, कारण सावकाश सांगायला गेलो की छातीत जळजळतं.

तर हा प्रश्न त्यांनी हेगहून आणला. तिथल्या झाडून सगळ्या न्यायाधीशांचा आणि वकिलांचा पूर्वेतिहास त्यांना पाठ आहे. कोण कुठल्या बेटावर मॅजिस्ट्रेट होता, कोण राजदूत होता, कोणी वीस वर्षं फक्त जहाजांच्या टकरींचे दावे लढवले, कोणी लष्करात वकिली केली. नावं ते कधीच घेत नाहीत, त्याबाबतीत फार कडक. पण मटणाचा रस्सा वाढता वाढता सांगतात, “न्यायाधीश पूर्वी प्राध्यापक असेल, तर तो प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. राजदूत असेल तर कुणालाच दुखवत नाही, म्हणून त्याचा निकाल लांबतो. आणि जन्मभर फौजदारी कोर्टात बसलेला असेल, तर तो साक्षीदाराच्या हातांकडं बघतो.” त्यांच्या मते माणसाच्या अंगावरचा झगा बदलतो, आतली पहिली नोकरी बदलत नाही. हेच गणित ते घरी लावतात. माझी मेव्हणी पूर्वी बँकेत कॅशियर होती, म्हणून ती पोळ्या दोनदा मोजते. माझी बायको बालवाडीत शिकवायची, म्हणून ती पाहुण्यांना बोट धरून वॉशरूम दाखवते. माझ्याबद्दल त्यांनी असलं काही कधी म्हटलं नाही. मी जेवणाच्या टेबलावर दर वेळी वाट बघायचो, आणि ते दर वेळी मला सोडून पुढं जायचे. या माणसाला माझ्या पूर्वेतिहासात घेण्यासारखं काही सापडत नसावं, अशी माझी खात्री झाली होती.

त्यांची दुसरी खोड बोलण्याची. हेगला प्रत्येक वाक्याचं चार-पाच भाषांत तोंडी भाषांतर व्हायचं, म्हणून वकिलांना एक वाक्य बोलून थांबायची शिस्त. साडूभाऊ अजून थांबतात. “बटाटे संपलेत,” असं म्हणून ते समोरच्या भिंतीकडं तीन सेकंद बघतात. मग, “कांदे आहेत.” पुन्हा भिंत. एकदा त्यांच्याबरोबर ग्रोसरीला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीला वाटलं त्यांना चक्कर येतेय, तिनं खुर्ची आणली. माझ्या बायकोला मात्र हे फार भारदस्त वाटतं. “भाओजी कसे तोलून बोलतात!” मी एकदा घरी मुद्दाम वाक्य बोलून थांबून बघितलं. ती म्हणाली, “काय हो, विसरलात का पुढचं?”

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मिस्सेची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये साडूभाऊंचं भाषण ठरलं. विषय त्यांनीच दिला: आंतरराष्ट्रीय न्यायालयात बसणारी माणसं येतात कुठून. वक्त्यांची ओळख कोण करून देणार, असा प्रश्न निघाला. फादर माझ्याकडं बघून प्रसन्न हसले. “तुमच्यापेक्षा जवळचं कोण आहे?” मी घरी आलो, कागद घेतला, आणि आयुष्यात प्रथमच मनापासून कुणाचातरी परिचय लिहिला. पदव्या, परीक्षा, हेग, सगळं चार ओळींत उरकलं. मग सविस्तर लिहिली ती वसईच्या कोर्टातली एक केस. केळीच्या वाडीतल्या विहिरीवरून दोन भाऊ भांडत होते. धाकट्याच्या बाजूनं मी, थोरल्याच्या बाजूनं साडूभाऊ. मी जिंकलो होतो. नुसता जिंकलो नव्हतो, साडूभाऊंच्या मुख्य साक्षीदाराला मी असं उलटं केलं होतं की तो पिंजऱ्यातून उतरून माझ्याच पक्षकाराशेजारी जाऊन बसला. बायकोनं कागद वाचला आणि म्हणाली, “हे वाचणार आहात तिथं?” मी म्हटलं, “पूर्वेतिहास आहे त्यांचा. त्यांना आवडतो.”

हॉल भरला होता. वसई-ठाण्याची कुटुंबं, मागं कॉलेजातल्या मराठी मुलामुलींचा घोळका, कॉफी आणि केक. मी ती केस रंगवून सांगितली. हॉलभर हशा पिकला. माझ्या मेव्हणीनं पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. साडूभाऊ उठले, माइकपाशी आले, भिंतीकडं बघत थांबले.

“माझी ओळख करून देताना यांनी एक गोष्ट गाळली,” ते म्हणाले. थांबले. “मी ती केस का हरलो, ती.”

मग ते सांगत गेले. “मी माझ्या साक्षीदाराला मोठमोठे प्रश्न विचारत होतो. हक्क कुणाचा? वहिवाट कधीपासूनची? तो पढवल्यासारखी थोरल्याची बाजू सांगत होता. मग हे उठले. यांनी एवढंच विचारलं, त्या दिवशी पंप कुणी चालू केला? तो म्हणाला, धाकट्यानं. आणि त्याच्याआधी रोज? धाकट्यानंच. संपली केस.” हॉल पुन्हा हसला. ते हसले नाहीत. “पुढं तिथं हेगला एक बाई साक्षीला आली. डोंगरातल्या खेड्यातली. आमच्यात मोठमोठी माणसं होती, कुणी प्राध्यापक, कुणी लष्करातले. ते तिला विचारत होते, हुकूम कुणाचा होता, तुकडी कुठली होती. ती नुसती मान हलवायची. मी माझ्या वरिष्ठांना चिठ्ठी दिली. तिला विचारा, त्या सकाळी पाणी आणायला कोण गेलं होतं. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माझे दोन मुलगे. आणि मग ती दोन दिवस बोलत होती.”

मागच्या घोळक्यातली एक मुलगी उठली. “सर, पण अशा कोर्टात अप्लाय करायला बॅकग्राउंड कसं लागतं? मोठ्या युनिव्हर्सिटीचं?”

“बॅकग्राउंड सगळ्यांचं मोठंच असतं,” ते म्हणाले. “साधा प्रश्न विचारता येणारी माणसं कमी. मला ठाऊक असलेला एक इथंच बसलाय.” आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

टाळ्या झाल्या. लोक माझ्याकडं वळून बघत होते, आणि मला इतका राग कधीच आला नव्हता. आयुष्यात एकच लढाई मी जिंकलेली, तीही या माणसानं जगभर फिरवून, मोठी करून, वरून माझ्याच हातात बक्षीस म्हणून दिली! आता मी तिचं करू काय? माझ्यापाशी होती तेव्हा ती केळीची वाडी होती, त्यांच्यापाशी जाऊन ती माणुसकी झाली.

बायका आवराआवर करायला थांबल्या, म्हणून साडूभाऊंना घरी सोडायचं माझ्याकडं आलं. गाडीत मी गप्प. तेही गप्प, पण त्यांचं गप्प बसणं ओळखता येत नाही.

“सुझीचा रविवारी तुम्हाला फोन आला होता,” ते म्हणाले. सुझी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नोकरीसाठी फ्रेंच बोलणाऱ्या भागात, ब्रॉसार्डला राहते.

“आला होता.”

“किती वेळ बोललात?”

मला पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं झालं. “झाली असतील चाळीस मिनिटं.”

“कशावर?”

“काही विशेष नाही. शेजारणीचा कुत्रा रात्रभर भुंकतो. फ्रेंचच्या क्लासला कंटाळलीय. विंटर टायर्स कुठून घेऊ, म्हणत होती.”

“मला ती विचारते, डॅडी, हाउज युवर बीपी? मी सांगतो, ठीक. मग ती म्हणते, ओके, गिव्ह इट टू मम्मा.” त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. या वेळी मध्ये कुठंही न थांबता ते बोलले. “तिथं शेकडो साक्षीदारांच्या फाइली वाचल्या मी. कुणाचं गाव कुठलं, कुणाची गाय कधी व्याली, सगळं पाठ होतं. सुझीच्या दातांची तार कधी काढली, मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे?”

मला ठाऊक होतं. ती नववीत होती, नोव्हेंबर महिना होता, आणि मीच तिला घेऊन गेलो होतो. ते हेगला होते ती सहा वर्षं त्यांचा ड्राइव्हवे मी शोव्हल केला, सुझीला पोहायला मी नेलं, रविवारी आमच्या वेअरहाउसच्या मोकळ्या आवारात तिला गाडी चालवायला मी शिकवलं. हे सगळं मी तेव्हा दात-ओठ खात केलं होतं. साहेब तिकडं जगाला न्याय देतायत आणि आम्ही इथं बर्फ उपसतोय!

“नववीत,” मी म्हटलं. सांगताना मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. आणि मग ते वाटल्याची लाज वाटली.

“मला तुमचा हेवा वाटतो,” ते म्हणाले. “तिथं असल्यापासून वाटतो. जेवताना सगळ्यांचं सांगतो, तुमचं काढत नाही, त्याचं कारण तेच.” मी सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावरही उभाच राहिलो. मागच्यानं हॉर्न दिला. “पुढच्या शनिवारी ब्रॉसार्डला याल माझ्याबरोबर? मी एकटा गेलो की आम्ही दोघं टीव्ही बघत बसतो.”

गेलो. पाच तासांचा रस्ता. अर्ध्या वाटेवरच्या किंग्स्टनपर्यंत ते सुझीला काय विचारायचं याची तयारी करत होते. मी म्हटलं, “बीपी सोडून काहीही विचारा.” त्यांनी ते खरंच गंभीरपणे ऐकून घेतलं. दुपारी तिच्या इमारतीपाशी पोचलो. ती काचेच्या दारामागं स्लिपर घालून उभी होती. मी आत पाऊल टाकलं असतं, तर पहिली मिठी मला मिळाली असती, हे मला नक्की माहीत होतं, आणि मला ती हवीही होती.

“तुम्ही व्हा पुढं,” मी म्हटलं. “मी गाडी लावून येतो.”

ते उतरले. बर्फावरून जपून पावलं टाकत गेले. दार उघडलं. सुझीनं त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं, मला शोधलं असावं. मग त्यांनी तिला काहीतरी विचारलं. काय ते मला काचेतून ऐकू येत नव्हतं. ती आधी नुसती बघत राहिली. मग एकदम हसली, आणि हात हलवून हलवून बोलायला लागली. त्यांची टोपी तिनं स्वतःच काढून घेतली. दोघंही लिफ्टकडं न जाता तिथंच उभी राहिली. मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला. मी इंजिन बंद केलं, तरी उतरलो नाही.

काच हळूहळू धुरकट झाली, तसा फोन वाजला.

“काका, व्हेअर आर यू? डॅडी म्हणतायत तुम्ही केव्हाचे आलायत!”

“अगं, पार्किंग मिळत नाहीये,” मी म्हटलं. “तुम्ही जा वर, मला वेळ लागेल.”

त्या सगळ्या आवारात माझी एकटीच गाडी उभी होती.