आबांच्या जीपचं ऑइल

गॅरेजात किस्से साचतातच. फरशीवरच्या ऑइलसारखे, कितीही पुसा! मांजरसुंब्याच्या आमच्या गॅरेजात तर थर बसलाय. माझे पार्टनर इस्माईलभाई, त्यांचा एकच नियम. काढलेलं गिअर ऑइल गाडी ट्रायल मारून येईपर्यंत फेकायचं नाही, डब्यात झाकून कोपऱ्यात ठेवायचं. का, ते मी कधी विचारलं नाही.

*

चकलांब्याच्या एका टेम्पोवाल्यानं शेजाऱ्याच्या नव्या कारचं पातळ ऑइल आपल्या जुन्या टेम्पोत ओतलं. गिअरबॉक्स रडायला लागला, अगदी बाईमाणसासारखा. आम्ही घट्ट नव्वद नंबरचं ऑइल भरलं, आवाज बंद! दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, पुन्हा रडतोय म्हणून. मी म्हटलं, चालवत घेऊन या. तो म्हणाला,

"गाडी उभीच हाय. चावी माझ्या खिशात हाय."

*

इस्माईलभाई स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून गिअरबॉक्स ऐकतात. केजची एक जीप ऐकताना त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. तरी ऐकतच राहिले, मधूनमधून मान डोलवत. मग मालकाला विचारलं, "ह्या गाडीत कुनी गेलतं का?"

मालकानं चहाचा कप खाली ठेवला आणि गाडी तिथंच सोडून एसटीनं घरी गेला.

*

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या, दत्ताच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर जीपनं पॅसेंजर वाहिले. त्यांच्या गाडीत कायम घट्ट ऑइल, दुसरं भरू द्यायचे नाहीत. आबा गेले आणि जीप दारात उभी राहिली. दत्ता ती विकायलाच निघाला. म्हणाला, "दारात दिसली की घास उतरत न्हाई." गिऱ्हाइकाला गिअर जड लागू नये म्हणून त्यानं पातळ ऑइल भरायला सांगितलं. इस्माईलभाईंना ते पटलं नाही, पण मी आबांचं डांबरासारखं काळं ऑइल काढून डब्यात ठेवलं आणि नवं, मधाच्या रंगाचं भरलं.

गिऱ्हाईक ट्रायलला बसलं. चौकापर्यंत जीप नीट गेली, तिथं थांबल्यावर पुढचा एकही गिअर पडेना, पडला तो फक्त रिव्हर्स. जीप मागं मागं येत आमच्याच दारात थांबली. गिऱ्हाईक उतरून गेलं ते गेलंच.

मी खाली शिरून गिअरबॉक्सचा प्लग उघडला. काळंकुट्ट, घट्ट ऑइल पडायला लागलं. इस्माईलभाईंनी कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण काढलं. आत मधाच्या रंगाचं ऑइल होतं.

दत्तानं डब्यात बोट बुडवून बघितलं. मग त्यानं ते काळंच ऑइल परत भरायला लावलं, सीटवर बसून इंजिन चालू केलं आणि म्हणाला, "चला आबा, घरी."

पहिला गिअर पडला. दत्ताचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.