आमच्या गावावरचा ढग

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जात असे. माझा मुलगा संदीप म्हणतो, "आई, लोक असे अनुभव ग्रुपवर लिहितात, तू पण टाक." लिहिते आहे, पण टाकणार नाही. अनोळखी माणसांनी वाचायचं म्हटलं की माझा हातच थांबतो.

आम्ही चंडीगडला सेक्टर चौतीसमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीण, पंजाबी बाई. संदीपची नोकरी मोहालीला. तो सकाळी गेला की दिवसभर मी एकटीच... म्हणून त्याने मला एक स्वस्तातला लॅपटॉप आणून दिला. त्यात काही साठवायचं नसतं, सगळं इंटरनेटवर असतं. "नेट नसेल तर हा नुसता डबा आहे," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण गॅसचा नंबर लावणं, लाइटबिल, भजनं, भाज्यांचे व्हिडिओ एवढं मला जमतं. उघडल्यावर कोपऱ्यात हवामान दिसतं. ते मी चंडीगडचं काढून आमच्या गावाचं लावून घेतलं. इथलं ऊन खिडकीतून दिसतंच.

गाव सांगली जिल्ह्यात, दुष्काळी भागात. तिथे माझी आई एकटी राहते. पंच्याहत्तरीच्या पुढची आहे. गुडघे गेलेत, त्यामुळे स्लॅबवरून उतरताना जिन्यावर बसून एकेक पायरी खाली सरकते. तरी उन्हाळ्यात वाळवण घालायचं सोडत नाही.

एप्रिल होता. संदीप गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात रोज सूर्य असतो, तिथे काळा ढग होता आणि खाली पावसाच्या रेघा. वर आमच्या गावाचं नाव, मराठीत. बाकी पान कोरं होतं. भजनं लागेनात, पण मला त्याचं काही वाटलं नाही. आईने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या कुरडया घालणार. मी फोन लावला.

"आये, वाळवण आवर. पाऊस दाखवतोय."

"कुठनं दाखवतुया? हितं कावळं तहानंनं मराय लागल्यात."

"लॅपटॉपवर दाखवतोय."

"चंदीगडात बसून माझ्या स्लॅबवर पाऊस पाडतीस व्हय गं? अजून वल्या हायत. उचलल्या तर मोडत्याल."

एरवी मी तिथेच गप्प बसले असते. आईपुढे काय, मी कुणापुढेच आवाज चढवत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मोडू देत. तू आत्ता खाली उतर. घरात गेल्याशिवाय मी फोन ठेवत नाही."

शेजारच्या स्लॅबवर पारूकाकी होती. दोघी मिळूनच कुरडया घालतात. तिचं हसणं मला फोनमधून ऐकू आलं. "तुझ्या लेकीला म्हणावं, दोन ढग आमच्यावर बी धाड."

आईने चादरीची चारी टोकं धरून कुरडयांचं गाठोडं केलं. मग फोन पदरात ठेवून बसत-बसत उतरली. पारूकाकीला म्हणाली, चल की तू बी. काकी म्हणाली, एवढा घाणा घालते न् येते.

दाराची कडी वाजल्यावर मी फोन ठेवला.

पाऊस आला नाही. एक ढगसुद्धा आला नाही. तासाभराने आईचा फोन आला. आवाज अगदी बारीक. गावच्या पाण्याच्या टाकीवरचं आग्या मोहोळ उठलं होतं. कशाने उठलं, कुणालाच माहीत नाही. माश्या आधी स्लॅबवर आल्या. पारूकाकी जिन्याकडे पळाली तरी तिचं तोंड आणि मान सगळी फोडून काढली. तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. काकी वाचली, पण ती पळू शकणारी बाई आहे. माझी आई पायरीवर बसून सरकत राहिली असती.

संध्याकाळी संदीपला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाऊस? एप्रिलमध्ये? दाखव." लॅपटॉप उघडला तर तो कोपराही कोरा. आमचं नेट खालच्या मालकीणबाईंकडूनच येतं; मग त्याने मोबाइलवर नेट गेल्याचा त्यांचा सकाळचा मेसेज पाहिला. खाली जाऊन विचारून आला. त्या म्हणाल्या, "बेटा, सुबह से नेट नहीं है. सड़क खोद रहे थे, तार कट गई."

"तू किती वाजता बघितलंस, आई?"

"तू गेल्यावर."

"नेट तर मी निघायच्या आधीच गेलं होतं."

मग तो म्हणाला, जुनं पान राहिलं असेल. पण लॅपटॉप आणल्यापासून गावाला रोज ऊनच होतं, पावसाचं पान जुनं तरी कुठून असणार? म्हणाला, शेजारच्यांचं नेट पकडलं असेल. तेही त्याने तपासलं, तसं काही झालं नव्हतं. मोबाइलवर त्या दिवसाचं गावाचं हवामान काढलं तर निरभ्र. शेवटी म्हणाला, "तुला भास झाला असेल." असेल. मला याआधी कधी भास झालेला नाही.

पारूकाकी घरी आल्यावर तिने आईकडून निरोप धाडला. "लेकीला इचार, माश्या हुत्या तर पाऊस का दाखवला?" आई हसत सांगत होती, पण काकी हसत नव्हती म्हणे.

त्या कुरडयांचा चुरा आईने पार्सलने पाठवला. ओल्याच गुंडाळल्यामुळे तो जरा आंबूस झालाय. मी तळते, संदीप खातो.

आता वाळवण घालायच्या आधी आई फोन करते. "बघ गं, काय म्हणतोय तुझा डबा." मी बघते. रोज सूर्यच असतो. तिला सांगते, ऊन आहे, जा वर. आणि ती खाली येईपर्यंत मी लॅपटॉप मिटत नाही. तो ढग नेट नसताना कुठून आला, हे मला अजून कळलेलं नाही. पुन्हा येईल का, हेही.