तारेतला बिघाड

"इथे चाललं म्हणजे चाललं नव्हे," असं बाई म्हणायच्या, आणि म्हणताना उजव्या हाताचं बोट खिडकीबाहेर दाखवायच्या. खिडकीबाहेर आमच्या कारखान्याची चिमणी आणि पलीकडे एमआयडीसीचा रस्ता, एवढंच होतं. बाईंना मात्र त्या दिशेला जगातले सगळे कॉम्प्युटर रांगेने मांडलेले दिसत असावेत.

वाक्य कॉम्प्युटरसाठी तयार झालं असेल, पण त्या ते कुठेही वापरायच्या. कॅन्टीनमध्ये कुणी सांगितलं की अमक्या डॉक्टरच्या गोळ्यांनी आपला खोकला गेला, की बाई म्हणणार, "तुमच्याकडे चाललं. माझ्या पोराकडे चालायला पाहिजे न भाऊ!" पॅकिंगमधल्या एका मुलीला स्थळ आलं. मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही, असं ती कौतुकाने सांगत होती. बाई म्हणाल्या, "तो आईच्या घरी चालतो. तुझ्या घरी चालवून पाहिला का कुणी?" मुलीने स्थळ नाकारलं. तिची आई पुढे कित्येक दिवस बाईंच्या नावाने बोटं मोडत होती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी काम करणं सोपं नसतं. आपण "झालं" म्हणून हात झटकतो, आणि तिथे यांचं काम सुरू होतं.

ही ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी हिशेब खात्यात होतो, पालघरहून रोज जात-येत होतो. बाई कॉम्प्युटर खात्यात. माहेर अमरावतीकडचं. नवरा तारापूरला एका ठेकेदाराकडे. ठेका संपला की त्याचं काम महिनोन् महिने बंद असे. मग बोईसरच्या भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुलं आणि सासूबाईंचं औषध, सगळं बाईंच्या पगारावर. त्या हे कधी बोलल्या नाहीत. पगारपत्रक मी करत होतो आणि उचल मागणारे अर्ज माझ्याकडे येत, म्हणून मला ठाऊक.

कॉम्प्युटर खात्यात कपाटाएवढं एक यंत्र होतं. त्याचं काम पगार आणि गोदामाचा साठा. बाईंनी त्याच्यावर आणखी एक प्रोग्राम चढवला होता, छपाईसाठी अक्षरं जुळवणारा. परदेशातल्या कुणा प्राध्यापकाने तो लिहून सगळ्या जगाला मोकळा सोडला होता, आणि मुंबईच्या एका संस्थेतून तो टेपवर बसून बोईसरला आला होता. त्याला किंमत नव्हती. अट होती: घ्या, चालवा, पुढे द्या, बदल केलात तर तो वेगळा ठेवा, आपल्या नावाने. मूळ प्रोग्रामला मराठी येत नव्हती. बाईंनी मराठीची अक्षरं घरी आलेख-कागदावर काढली, मुलांचा अभ्यास घेता घेता. मुलगा पाढे म्हणायचा, त्या 'क्ष'ची शेपटी वळवायच्या. जुन्या साहेबांना हे माहीत होतं. कामगारांसाठी लावायच्या सूचना मराठीत नीट छापून मिळत होत्या, म्हणून ते काही बोलत नसत.

मग सुरू झालं वाटप. पालघरच्या एका कॉलेजातल्या यंत्रावर वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर पडायची. तारापूरच्या एका शाळेत टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर होता. त्याच्या पोटात अर्धाच प्रोग्राम मावायचा. बाईंनी त्याचे तुकडे केले. जिथे जावं तिथे नवं दुखणं, आणि दुखणं सापडलं की बाई खूश.

पालघरला द्यायची फ्लॉपींची पाकिटं माझ्याकडे असत. "भाऊ, डब्याखाली ठेवू नका. घडी घालू नका. आणि नुसतं देऊन परत येऊ नका, चाललं का ते विचारून या." मला त्यातलं काही कळत नसे. प्राध्यापक "चाललं" म्हणाले की मी येऊन "चाललं" सांगायचो.

"पूर्ण चाललं, की चालल्यासारखं वाटलं?"

मी पगारपत्रक पुढे ओढायचो.

मग साहेब बदलले. नवे साहेब शिस्तीचे, बोलणं स्वच्छ, उच्चार पुस्तकातले. त्यांनी पहिला हुकूम काढला की गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला गेटपास हवा, आणि गेटपासवर वस्तूची किंमत हवी. मी पाकिटं नेणं थांबवलं. बाईंनाही सांगितलं, थोडे दिवस थांबा. त्यांनी मान हलवली. पण त्याच आठवड्यात मोठ्या यंत्रातून फ्लॉपीवर मजकूर उतरवायची तार नवी बसवली होती, आणि त्या तारेतून उतरलेला प्रोग्राम दुसरीकडे चालतो का, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

गेटवर तांडेल होता. दातिवऱ्याचा, कोळ्याच्या घरातला. होडीवर पाय ठेवला की उलट्या व्हायच्या म्हणून भावांनी किनाऱ्यावर उतरवला आणि तो वॉचमन झाला, असं तो स्वतःच सांगायचा. मी बाईंच्या मागेच होतो.

"बाय, पिशवीत काय हाय?"

"फ्लॉपी आहे, दादा."

"गेटपास नाय?"

"यात माल नाही काही. अक्षरं आहेत."

तांडेलने फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली. "आक्षरं आसू देत. पन कंपनीची का तुमची?"

"माझीच" म्हणाल्या असत्या तर त्या पुढच्या मिनिटाला फ्लॉपीसकट गेटबाहेर असत्या. बाई विचार करत उभ्या राहिल्या. तांडेलने नाइलाजाने वहीत नोंद केली आणि फ्लॉपी आत पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. साहेब, त्यांच्यासमोर बाई, उभ्या, दाराशी साक्षीदार म्हणून तांडेल, टोपी हातात, आणि कोपऱ्यात मी, जबाब आणि मालाची किंमत लिहायला.

साहेबांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे अधिकच भीती वाटली. "मॅडम, दोन रस्ते आहेत. हा प्रोग्राम कंपनीचा आहे आणि मी तो कुठेही नेणार नाही, असं लिहून सही करा. नाहीतर ही चोरी. नोकरी जाईल, पोलिसांत तक्रारही जाईल."

"साहेब, तो माझा नाही तसा कंपनीचाही नाही. ज्यांनी दिला त्यांनी पुढे द्यायला दिला. मी सही केली तर त्यांना फसवलं असं होईल."

"यंत्र कंपनीचं, वीज कंपनीची."

"ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "अक्षरं माझ्या घरची आहेत."

साहेब माझ्याकडे वळले. "किंमत काय लिहिलीत?"

"फ्लॉपीचे बावीस रुपये, साहेब. आतल्या मजकुराचं बिल कुठेच नाही."

"बाजारात असा प्रोग्राम केवढ्याला पडतो?"

मी नुकतीच एक जाहिरात पाहिली होती. विचारल्यावर खोटं सांगणं मला जमत नाही. "पाच आकडी," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तांडेलने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"आधी बघू तरी काय आहे," साहेब म्हणाले. "माझ्या यंत्रावर चालवा."

टेबलावर नवा कोरा कॉम्प्युटर होता आणि बाजूला प्रिंटर. फ्लॉपीत नमुन्यासाठी आमचीच नळावरची सूचना होती: 'पिण्याच्या पाण्याच्या नळाची जाळी कोणीही काढू नये.' बाईंनी ती छापायला दिली. प्रिंटर करकरला. कागद बाहेर आला तो साहेबांनी फाडून घेतला, वाचला, आणि भुवया वर करून माझ्यापुढे धरला.

'पिन्याच्या पान्याच्या नलाची जाली कोनीही काढू नये.'

तांडेलने मान पुढे काढून वाचलं आणि तो खो खो हसत सुटला. "आवं साहेब, ही तर माजी आय बोलली! दातिवऱ्याला जा, घराघरात आशीच बोली हाय. या मशीनला कोनी शिकवली?"

मीही हसलो. साहेबसुद्धा हसले. केबिनमधली हवा एकदम सैल झाली. साहेबांनी कागद टेबलावर टाकला. "म्हणजे हे बिघडलेलंच आहे. उगीच एवढा वेळ घालवला. लिहा हो." मी लेखणी उचलली. "'प्रोग्राम बिघडलेला आढळला. भाषा गावंढळ व अशुद्ध येते. किंमत काही नाही.' मॅडम, घेऊन जा ती फ्लॉपी. पुन्हा मात्र असं चालणार नाही."

मी भराभर लिहिलं, साहेबांचा विचार बदलण्याआधी. नोकरी राहिली, फ्लॉपी मिळाली, सहीचं नावही नाही. बाईंनी नुसतं दाराकडे चालू लागायचं होतं. मी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

बाई तांडेलकडे बघत होत्या. त्याचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, आणि नजर जमिनीवर होती.

"भाऊ, ते भाषेचं वाक्य खोडा," बाई म्हणाल्या.

"कोणतं?" साहेबांनी विचारलं.

"गावंढळ आणि अशुद्ध. भाषेत बिघाड नाही, साहेब. बिघाड तारेत आहे. यंत्राला मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांतून सांगावी लागतात. 'ण'ला मी मोठा एन दिला होता आणि 'न'ला लहान. 'ळ'ला मोठा एल, 'ल'ला लहान. नव्या तारेतून येताना सगळी अक्षरं लहान झाली."

"एकूण एकच."

"एकच कसं, साहेब? तांडेलची आई हे बोलते तेव्हा ते बरोबर असतं. यंत्राने केलं ते चूक, कारण मी लिहिलं होतं वेगळं."

साहेबांचा चेहरा बदलला. ते खुर्चीत मागे टेकले. "असं? मग दुरुस्त करून दाखवा."

आता तरी या बाईने जमत नाही म्हणावं, असं मी मनात म्हणत होतो. बाईंनी खुर्ची ओढली. मोठ्या-लहान अक्षरांचा भरवसा त्यांनी काढून टाकला. एनपुढे टिंब दिलं की ण, एलपुढे टिंब दिलं की ळ, असं नव्याने बसवलं. प्रिंटरची सुई पुन्हा इकडून तिकडे धावू लागली. हिशेबातली चूक सापडू नये असं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, पण त्या वेळी चूक तशीच राहावी म्हणून मी देवाची आठवण काढली. पहिला ण उमटला. मग ळ. ओळ पूर्ण झाली, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

"चाललं की," साहेब म्हणाले, आणि माझ्या हातातला जबाब घेऊन त्यांनी फाडला. "म्हणजे हा चांगला आहे. म्हणजे कंपनीचा आहे. करा सही."

"नाही करणार."

"घरी विचारून उद्या सांगा."

"घरी विचारायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या. "घरी सांगायचं आहे."

पोलिसांत जायचं नाही या बोलीवर त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. गेटपर्यंत मी सोबत गेलो. न राहवून म्हणालो, "बाई, एक ओळ तर होती. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुमचं अक्षर चांगलं आहे, भाऊ. त्या चांगल्या अक्षरात तांडेलची आई अशुद्ध म्हणून कायमची फाईलला लागली असती." आणि मग नेहमीचं बोट खिडकीबाहेर दाखवल्यासारखं रस्त्याकडे करून, "शिवाय चुकलेलं तसंच ठेवून घरी गेले असते, तर भाकर गेली असती का घशाखाली?"

तांडेल पुढे आला. "बाय, मी पिशवी बघायला नको होती."

"काहून? ते तुमचं काम होतं. ते तरी नीट चाललं," बाई म्हणाल्या. तांडेल हसला नाही.

अखेरचा हिशेब मीच केला; तो घ्यायला बाई आठवड्याने पुन्हा आल्या. साहेबांनी आवर्जून सांगितलं होतं की फ्लॉपीचे बावीस रुपये कापा, ती कंपनीची होती आणि यांनी लिहून निकामी केली. तो आकडा घातलेला कागद त्यांनी आधी सही करून दिला, मग बाईंच्या हाती आला. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"कापा," त्या म्हणाल्या. "पण पैसे घेतलेत तर वस्तू माझी झाली ना?"

मी कागद पुन्हा पाहिला. वस्तू ठेवून घ्यायची आणि तिचे पैसेही घ्यायचे, असं कुठल्याच हिशेबात बसत नाही. मी विक्रीची पावती केली, 'फ्लॉपी एक, वापरलेली', आणि तिच्या आधाराने गेटपास. साहेबांची सही हिशेबावर होतीच. तांडेलने गेटपास दोन्ही बाजूंनी वाचला. छोट्या दारातून सोडता आलं असतं. त्याने ट्रक जायचं मोठं गेट ओढून उघडलं.

काही महिन्यांत नवऱ्याचा ठेका संपला आणि ते कुटुंब बोईसर सोडून गेलं. कुणी म्हणालं अमरावतीला, कुणी म्हणालं मध्य प्रदेशात कुठेतरी. कपाटाएवढं यंत्र भंगारात गेलं. कामगारांच्या सूचना पुन्हा खडूने फळ्यावर लिहू लागले.

माझ्यापाशी हिशेब तेवढा आहे. बाईंना मिळाला चालू महिन्याचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे. कंपनीला मिळाले बावीस रुपये, बाईंकडून. ज्याने तो प्रोग्राम लिहून मोकळा सोडला त्याला काही मिळालं नाही. त्याने मागितलंच नव्हतं.